अलाइनमेंट झालं, तरी गाडी एका बाजूला ओढते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा संपला की हे मेसेज सुरू होतात. रस्ते खाऊन झालेले असतात, गाड्या खड्डे खाऊन झालेल्या असतात, दिवाळीत गावी जायच्या आधी सगळे अलाइनमेंट (मशीनवर चाकांचे कोन मोजून जुळवणं) करून घेतात, आणि मग: "पैसे दिले, तरी गाडी डावीकडेच जाते." तेच तेच प्रश्न येतात म्हणून इथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. गाडी "ओढते" म्हणजे नेमकं काय? माझं स्टेअरिंग जरा तिरकं राहतं, तेच का?

नाही. सरळ सपाट रस्त्यावर हात सैल केल्यावर गाडी आपणहून एका बाजूला निघाली आणि तिला सरळ ठेवायला सतत जोर धरावा लागला, तर ते ओढणं. गाडी सरळ जाते पण स्टेअरिंग तिरकं, हे वेगळं दुखणं (प्रश्न ६). कधी इकडे कधी तिकडे डुलते, तेही वेगळं (प्रश्न १५). फक्त ब्रेक दाबल्यावर (प्रश्न ११) किंवा फक्त अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर (प्रश्न १२) ओढत असेल, तर अलाइनमेंटवाल्याकडे जायच्या आधी तीच उत्तरं वाचा. गॅरेजमध्ये "गाडी ओढते" एवढंच सांगितलं, की समोरचा माणूस सवयीने गाडी थेट मशीनवर चढवतो. कधी ओढते, कुठे ओढते, किती वेगाला ओढते, हे सांगितलंत तर अर्धं काम तिथेच होतं.

२. थोडीशी डावीकडे जाते. हे नॉर्मल आहे का?

बहुतेक वेळा हो. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून आपले रस्ते मध्ये उंच आणि कडेला उतरते बांधतात. डांबरी रस्त्याला हा उतार साधारण २ ते २.५ टक्के असतो. म्हणजे दीड मीटर रुंदीच्या गाडीचं डावं चाक उजव्यापेक्षा तीनेक सेंटिमीटर खाली चालतं. आपण डाव्या बाजूने चालवतो, त्यामुळे गाडी हळूहळू डावीकडे उतरणं हा रस्त्याचा गुण, गाडीचा दोष नव्हे. हात सैल केल्यावर लेन सोडायला सात-आठ सेकंद लागत असतील तर मी त्या गाडीला हात लावत नाही. दोन-तीन सेकंदांत पट्टा ओलांडत असेल तर बघायला हवं. आणि साध्या सरळ रस्त्यावर गाडी उजवीकडे ओढत असेल तर ती चढाच्या दिशेने जातेय. तेव्हा थोडं ओढणंही गंभीरपणे घ्या.

३. मग चाचणी घ्यायची कशी? मी त्याच रस्त्यावर उलट दिशेने येऊन पाहिलं, तरी डावीकडेच.

ही फसगत जवळपास सगळ्यांची होते. दुपदरी रस्त्यावर परत येतानाही तुम्ही तुमच्या डाव्या बाजूलाच असता, म्हणजे उतार पुन्हा डावीकडेच. उलट फेरीने वाऱ्याचा परिणाम कळतो, उताराचा नाही. दुभाजक असलेल्या हायवेवरही बहुधा सगळ्या लेन बाहेरच्या कडेकडे उतरत्या असतात. मोठ्या उजव्या वळणावर मात्र उतार उलटा, आतल्या बाजूला दिलेला असतो, म्हणून वळणावरची चाचणी धरूच नका.

मोठं सपाट मैदान किंवा सिमेंटचं विस्तीर्ण पार्किंग मिळालं तर उत्तम. नाहीतर रविवारी सकाळी एमआयडीसीतला रुंद, रिकामा रस्ता गाठा. पुढून-मागून कोणी नाही याची खात्री करून, ४० च्या आसपास वेगाने, रस्त्याच्या बरोब्बर मध्यावरून थोडं अंतर चालवा. मध्यावर दोन्हीकडचा उतार सारखा असतो. हात स्टेअरिंगला टेकवून सैल ठेवायचे, काढून घ्यायचे नाहीत. शेजारी कुणाला तरी बसवून सेकंद मोजायला सांगा. एकदा नाही, चार-पाच वेळा.

४. सगळ्यात आधी घरच्या घरी काय पाहू?

हवा. हसू नका. पुढच्या दोन टायरांत ४-५ पीएसआयचा फरक असला तरी गाडी कमी हवेच्या बाजूला झुकते. टायर थंड असताना, म्हणजे सकाळी गाडी हलवायच्या आधी किंवा फार तर दोनेक किलोमीटरच्या आत, चारही चाकं एकाच गेजने मोजा. पंपावरचं गेज चुकीचं दाखवत असलं तरी चारही चाकांना सारखंच चुकेल आणि ओढण्याच्या तपासापुरतं ते चालतं. किती हवा हवी ते बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं.

मग टायरवरून तळवा फिरवा. एकाच कडेला जास्त झीज, बाजूच्या भिंतीवर फुगा, पुढे डावा एका कंपनीचा आणि उजवा दुसऱ्या, एक नवा आणि एक गुळगुळीत: यातलं काहीही गाडी ओढायला पुरेसं आहे.

५. अलाइनमेंटच्या आधी गाडी बरी होती. करून आणल्यावरच ओढायला लागली. त्यांनी बिघडवली ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

त्या दिवशी तुमच्या गाडीचं नुसतं अलाइनमेंट झालं होतं का, हे बिलावर पाहा. आपल्याकडे अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि रोटेशन हे एकाच पॅकेजमध्ये होतं. रोटेशन म्हणजे पुढचे टायर मागे, मागचे पुढे. मागच्या चाकावर असताना एखाद्या टायरची खोड जाणवत नाही. तोच टायर पुढे आला की ती थेट स्टेअरिंगमध्ये उतरते. गाडीवाला म्हणतो अलाइनमेंटने बिघडवलं, अलाइनमेंटवाला मशीन दाखवून म्हणतो आकडे बरोबर आहेत, आणि दोघंही खरं बोलत असतात! मशीन चाकांचे कोन मोजतं. टायरच्या आतला पट्टा, अडकलेला ब्रेक आणि कमी-जास्त हवा त्याला दिसत नाही.

रोटेशन झालं असेल तर चाकं पूर्वीच्या जागी लावून एक चक्कर मारा. ओढणं गेलं, तर अलाइनमेंटला दोष नाही. पुढे प्रश्न ७.

रोटेशन झालंच नसेल तर मात्र दुकानदाराला विचारायच्या गोष्टी आहेत. चाकाला सेन्सर किंवा टार्गेट लावल्यावर गाडी थोडी मागे-पुढे ढकलून घेतली होती का? वाकड्या रिमचा किंवा तिरक्या बसलेल्या क्लॅम्पचा फरक त्याने वजा होतो. गर्दीच्या दिवशी हीच पायरी गाळली जाते. हवा आधी भरली होती का? पुढच्या चाकांखालच्या फिरत्या थाळ्यांच्या पिना काढल्या होत्या का? मशीनने मोजलेल्या आकड्यांचे आधीचा आणि नंतरचा, दोन्ही प्रिंट मागा. "आधीचा" प्रिंट नसेल तर काय बदललं हे कुणालाच सांगता येणार नाही.

६. गाडी सरळ जाते, पण स्टेअरिंग एका बाजूला तिरकं.

पुढच्या चाकांचा एकूण टो (वरून पाहिलं तर चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते) बरोबर आहे, पण डाव्या-उजव्या टाय रॉडमध्ये, म्हणजे स्टेअरिंगपासून चाकाला जोडणाऱ्या दांड्यांमध्ये, तो सारखा वाटला गेलेला नाही. सेट करताना स्टेअरिंग सरळ ठेवून लॉक लावायला हवं होतं, ते नीट लागलं नाही. दहा मिनिटांचं काम आहे, परत जा आणि फुकट करून मागा. काही ठिकाणी टाय रॉडला हात न लावता स्टेअरिंगच काढून एक दात सरकवून बसवतात. ते करू देऊ नका: त्यात एअरबॅग आहे, आणि स्टेअरिंगचा सेन्सर समजतो एक मध्य, तुम्ही धरता दुसराच.

स्टेअरिंग पुन्हा पुन्हा तिरकं होत असेल तर मागच्या चाकांकडे बघा (प्रश्न १८).

७. टायरचाच दोष आहे हे कसं ओळखायचं?

पुढची दोन चाकं आपसात बदला. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे, बाकी काही छेडायचं नाही, आणि त्याच रस्त्यावर त्याच वेगाने पुन्हा चालवा.

ओढण्याची दिशा उलटली, तर दोष टायरमध्ये. ओढणं नाहीसं झालं, तरी टायरच; फक्त नव्या जागी त्याची खोड लपली. काहीच फरक पडला नाही, तर पुढचे टायर बहुतेक निर्दोष, आता ब्रेक आणि कोन तपासा (प्रश्न ९ ते ११).

एक जॅक, एक पाना, अर्धा तास. नट फुली करत, म्हणजे समोरासमोरचे, आवळा. एवढं करून मग दुकानात गेलात तर तुमच्याशी बोलण्याचा सूरच बदलतो. बाणाचे टायर (भिंतीवर फिरण्याच्या दिशेचा बाण असलेले) असतील तर आधी प्रश्न १६.

८. टायर तर नवेकोरे आहेत. नव्यात दोष कसा?

रेडियल टायरच्या आत, तुडवणाऱ्या भागाखाली पोलादी तारांचा पट्टा असतो. तो केसभर एका बाजूला बसला तर हवा भरल्यावर टायरची एक कड दुसरीपेक्षा किंचित ताठ होते, आणि टायर शंकूसारखा वागायला लागतो. चहाचा कागदी कप आडवा ठेवून ढकला, तो बुडाच्या बाजूला गोल वळतो. टायरचं तेच. डोळ्यांना काही दिसत नाही, बॅलन्सिंगलाही सापडत नाही.

उपाय सोपे आहेत. तो टायर मागे टाका. किंवा बाणाचा नसेल आणि "आउटसाइड" असं लिहिलेला नसेल, तर रिमवरून काढून उलटा बसवून बघा, ओढ उलट दिशेला जाते. टायर खरंच नवा असेल तर विक्रेत्याकडे दोषाचा दावा करा, आणि लवकर करा. विकत घेताना भिंतीवरचा चार आकडी कोडही बघत चला: २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३वा आठवडा.

९. प्रिंटवर सगळे आकडे हिरवे आहेत. तरी ओढते?

हिरवा म्हणजे "कंपनीने दिलेल्या मर्यादेत". डावं-उजवं सारखं, असा त्याचा अर्थ नाही. समजा कॅम्बरची मर्यादा उणे १ ते अधिक अर्धा अंश आहे. डावीकडे अधिक ०.४, उजवीकडे उणे ०.९. दोन्ही हिरवे, फरक १.३ अंशाचा, आणि गाडी डावीकडे जाणार. म्हणून रंग सोडा, दोन्ही बाजूंची वजाबाकी करा.

कॅम्बर म्हणजे समोरून पाहिलं तर चाकाचा माथा आत झुकलाय की बाहेर. ज्या बाजूचा माथा जास्त बाहेर, त्या बाजूला गाडी ओढते. कास्टर म्हणजे ज्या अक्षावर चाक वळतं तो बाजूने पाहिल्यावर मागे किती कललाय; सायकलच्या हँडलखालचा दांडा तिरपा असतो तसं. ज्या बाजूला कास्टर कमी, तिकडे ओढते. दोन्हींत अर्ध्या अंशापर्यंतचा फरक बहुतेक गाड्या खपवून घेतात. पुढचा टो मात्र ओढण्याचं कारण क्वचितच असतो. चालताना दोन्ही चाकं तो आपसात वाटून घेतात; टो चुकला तर टायर खाल्ला जातो आणि स्टेअरिंग तिरकं होतं.

प्रिंट वाचताना दोन सापळे आहेत. काही मशीन अंश-कला दाखवतात, काही दशांश. ०°३०′ म्हणजे अर्धा अंश, ०.३० नव्हे, दोन प्रिंट वेगवेगळ्या दुकानांचे असतील तर हे आधी जुळवा. दुसरं, कास्टरचे रकाने रिकामे आहेत का? कास्टर मोजायला चाकं दोन्हीकडे ठरावीक अंशांत वळवावी लागतात. वेळ वाचवायला ते सोडून देतात आणि उरलेले आकडे हिरवे दाखवून गाडी खाली उतरवतात. ओढण्याच्या तक्रारीत कास्टर न मोजणं म्हणजे ताप आलेल्याचं वजन करून घरी पाठवणं.

१०. खड्ड्यात आदळल्यापासून ओढते. दुकानदार म्हणतो, या गाडीत कॅम्बर-कास्टर अ‍ॅडजस्ट होतच नाही.

तो बरोबर सांगतोय. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक आणि छोट्या सेडानमध्ये फक्त पुढचा टो फिरवता येतो. बाकीचे कोन कारखान्यात ठरतात, ते बदलले तर काहीतरी वाकलंय, झिजलंय किंवा सरकलंय. मग "अ‍ॅडजस्ट होत नाही" हे उत्तराचं पहिलं वाक्य झालं. दुसरं वाक्य "म्हणून काय वाकलंय ते शोधूया" असायला हवं.

खड्डा चाकाला मागे ढकलतो. लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा हात) वाकतो किंवा त्याचा मागचा बुश (रबरी सांधा) फाटतो, चाक मागे सरकतं, कास्टर कमी होतो, आणि गाडी आदळलेल्या बाजूला ओढते. घरी तपासायचं तर स्टेअरिंग सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी टेप लावा. एक सेंटिमीटरचा फरक आला तर कारण जवळपास सापडलं. (जुन्या रेनो ४ मध्ये हे अंतर कारखान्यातूनच एका बाजूला जवळपास ५ सेंटिमीटर कमी असायचं, कारण मागच्या दोन आडव्या टॉर्शन बार एकामागे एक बसवलेल्या होत्या. तुमच्याकडे ती गाडी असण्याची शक्यता कमी.)

स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअपचा खांब) किंवा नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) जॅकने दाबून "कॅम्बर काढून देतो" असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. वाकलेला भाग बदलायचा असतो. कॅम्बर बोल्ट मिळतात, पण ते थोड्याशा फरकासाठी. वाकलेलं लपवायला नव्हेत.

११. ब्रेकमुळे गाडी ओढते का?

दोन प्रकारे, आणि दिशा उलट्या असतात. ब्रेक न दाबता ओढत असेल, तर ज्या बाजूचा ब्रेक सुटत नाही तिकडे. ब्रेक दाबल्यावर ओढत असेल, तर बहुधा ज्या बाजूचा ब्रेक लागतच नाही त्याच्या विरुद्ध बाजूला.

आपल्याकडे, विशेषतः कोकणात, पावसाळ्यानंतर कॅलिपरच्या (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिना गंजून अडकतात. हायवेवर फार ब्रेक न लावता ८-१० किलोमीटर जा, गाडी आपोआप मंदावू द्या, आणि प्रत्येक रिमजवळ हात न्या, लावू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट तापलेलं असेल तर तोच ब्रेक. घाट उतरून आल्यावर ही चाचणी घेऊ नका, तेव्हा सगळेच तापलेले असतात.

पिना, पिस्टन, पॅड सगळं ठीक असूनही ब्रेक सुटत नसेल तर रबरी होज बदलून बघा. जुना होज आतून फुगतो: पायाच्या जोराने तेल आत जातं, परत यायला वाट राहत नाही. बाहेरून तो नव्यासारखा दिसतो, म्हणून हा दोष सगळ्यात शेवटी सापडतो.

१२. फक्त जोरात पिकअप घेताना ओढते, पाय काढला की उलट बाजूला.

पुढच्या चाकांना ताकद जाणाऱ्या गाड्यांत डावी-उजवी ड्राइव्हशाफ्ट कमी-जास्त लांबीची असेल तर दमदार इंजिनात थोडं असं होतं. अचानक सुरू झालं असेल तर इंजिन माउंट आणि लोअर आर्मचे बुश.

१३. उजवीकडे वळलो की नंतर उजवीकडे ओढते, डावीकडे वळलो की डावीकडे. मेकॅनिक म्हणतो भास आहे.

भास नाही. कुठेतरी घट्ट अडकतंय आणि स्टेअरिंग पूर्ण मध्यावर परत येत नाही. स्ट्रटचं वरचं माउंट किंवा त्याचं बेअरिंग, कोरडा पडलेला बॉल जॉइंट, स्टेअरिंग कॉलमचा जॉइंट, किंवा सरळ न धरता आवळलेला नवा टाय रॉड एंड. बोनेट उघडून स्ट्रटच्या माथ्याजवळ हात ठेवा आणि कुणाला तरी स्टेअरिंग फिरवायला सांगा. स्प्रिंग अडकून एकदम सुटल्याचा धक्का हाताला लागतो. शॉकअप बदलल्यानंतर हे सुरू झालं असेल तर शोधायची गरजच नाही, माउंट.

१४. इलेक्ट्रिक स्टेअरिंगच्या नव्या गाड्यांत वेगळं काही?

हो. अलाइनमेंटनंतर स्टेअरिंगच्या कोनाच्या सेन्सरला नवा मध्य शिकवावा लागतो. काही गाड्या थोडं सरळ चालवल्यावर स्वतः शिकतात, काहींना स्कॅनर लागतो. न केल्यास मोटर सरळ गाडीलाही हलकेच ढकलत राहते किंवा ट्रॅक्शनचा दिवा पेटतो. लेन सांभाळणारी यंत्रणा असेल तर चाचणीपुरती ती बंद करा. पुसट पट्ट्यांच्या रस्त्यावर तीच स्टेअरिंग ओढत असेल आणि तुम्ही मात्र टायर बदलत बसाल.

जुन्या हायड्रॉलिक स्टेअरिंगची चाचणी अशी: पुढची चाकं उचलून गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नाही, आणि इंजिन सुरू करा. स्टेअरिंग आपणहून फिरलं तर दोष त्याच्या व्हॉल्व्हमध्ये.

१५. कधी डावीकडे, कधी उजवीकडे. काही नियमच नाही.

ट्रकनी पाडलेल्या चाकोऱ्यांत रुंद टायर त्या चाकोरीमागे जातात. मूळ मापापेक्षा रुंद टायर टाकल्यावर ही तक्रार हमखास येते. गुळगुळीत रस्त्यावरही डुलत असेल तर ढिलाई शोधा: टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, मागचे बुश.

१६. माझ्या टायरवर बाण आहेत. मग डावं-उजवं कसं बदलू?

बाजू बदलू नका, त्याच बाजूचं पुढचं-मागचं बदला. आधी डाव्या बाजूचं करून चालवा, मग उजव्या. चार फेऱ्या जास्त होतील, पण दोषी टायर सापडतो. पुढचं-मागचं माप वेगळं असेल तर हा मार्ग बंद. तेव्हा टायरवाल्याकडून टायर रिमवरून काढून बदलून घ्यावे लागतात.

१७. मी अमेरिकेत आहे. डावीकडचा नियम इथेही लागू?

उलटा करून. तिथे उजव्या बाजूने चालवतात, उतारही उजवीकडे, म्हणून थोडं उजवीकडे जाणं साधारण आणि डावीकडे ओढणं संशयास्पद. बाकी सगळं तेच.

१८. टायर, ब्रेक, पुढचे कोन सगळं झालं. सेकंडहँड गाडी आहे. आता काय?

आता मागून पाहा. मागची चाकं ज्या दिशेला बघतात, त्या दिशेला गाडी निघते, आणि पुढची तिला सतत वळवून सरळ ठेवतात. गाडी किंचित तिरकी, खेकड्यासारखी चालते. ओल्या जागेतून कोरड्या रस्त्यावर सरळ या, उतरून ठसे बघा. मागच्या चाकांचे ठसे पुढच्यांच्या तुलनेत दोन्ही बाजूंना सारखे आत किंवा बाहेर असायला हवेत. एकीकडे आत आणि दुसरीकडे बाहेर असतील तर मागचा अ‍ॅक्सल सरकलाय किंवा वाकलाय. प्रिंटवर हाच आकडा "थ्रस्ट अँगल" म्हणून असतो, आणि फक्त पुढची दोन चाकं मोजणाऱ्या दुकानात तो मिळत नाही.

मागे ठीक असेल तर पुढची सबफ्रेम, म्हणजे लोअर आर्म ज्यावर बसतात ती चौकट. क्लच किंवा गिअरबॉक्सच्या कामाला ती उतरवली असेल तर परत बसवताना काही मिलिमीटर सरकते. एका बाजूचा कॅम्बर वाढलेला आणि दुसऱ्या बाजूचा साधारण तेवढाच कमी झालेला दिसला तर हाच संशय. बोल्ट ढिले करून सबफ्रेम मध्यावर आणायची, मग पुन्हा अलाइनमेंट. अपघात झालेली गाडी असेल आणि हेही जुळत नसेल, तर चासी मोजणाऱ्या बॉडीशॉपकडे जा. आमच्या मशीनचं काम तिथे संपतं.

१९. ओढते तशीच चालवली तर चालेल का?

महिनोन्महिने सारखीच, हलकी ओढत असेल तर आठवडाभरात वेळ काढून दाखवा. पण आज सकाळी नव्हतं आणि दुपारी एकदम सुरू झालं. चाकाजवळून जळका वास येतोय. टायरला फुगा आहे. किंवा वळताना खालून खटखट येतेय, यातलं एकही असेल तर गाडी चालवत आणू नका. टोइंगवाल्याला बोलवा.